पेपर सुटकेसच्या तळाशी का गेले?

आदरणीय मॅडम,

आमचं गाव भुदरगड तालुक्यात. मुलगा गावच्या हायस्कूलला मराठी माध्यमात शिकला, दहावीला ९३ टक्के पाडून शाळेत पहिला आला. गावानं चौकात फलक लावला. डॉक्टर व्हावा म्हणून कोल्हापुरात अकरावी सायन्सला घातला. राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहतो, मेसला जेवतो. दिवाळीला घरी आला तेव्हा कपडे धुवायला काढताना सुटकेसच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली सहामाहीचे पेपर सापडले. फिजिक्सला ५० पैकी १९, केमिस्ट्रीला १७. आम्हाला फोनवर फिजिक्सला ३८ पडले म्हणून सांगितलं होतं. मी त्याला अजून काही बोलले नाही. पेपरांचे फोटो काढले आणि परत तसेच ठेवले. फोटो सोबत पाठवते.

अलीकडं सारखं म्हणतो, ‘आई, मी ढ आहे. तिथं कोण नव्हतं म्हणून पहिला आलो.’ त्याचे चुलतेही म्हणाले, ओसाड गावी एरंड बळी. मी रोज फोनवर सांगते, बाळा, तू हुशार आहेस, तुला सगळं येतंय. मालकांनी एका मोठ्या वक्त्याच्या कार्यक्रमाला नेलं. चार दिवस पोरगं नुसतं पेटलं होतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आता मालक म्हणतात, बारावीला मार्क पाड, कर्ज काढून बुलेट घेतो. मालक गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. आमचं दोघांचंही शिक्षण कमी. आधी त्याचा आत्मविश्वास वाढवायचा का आधी मार्क? का सरळ आर्ट्सला घालू?

– एक आई

*

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच फोटो उघडले. माझी तीस वर्षं कोल्हापुरात गणित-विज्ञान शिकवण्यात गेली. पेपर समोर आला की गुणांच्या आधी उत्तरांकडं डोळा जातो. तुमच्या पोराचा फिजिक्सचा पेपर मी दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

त्यातला चौथा प्रश्न असा आहे. सेकंदाला २० मीटर वेगानं, जमिनीशी ३० अंशांचा कोन करून चेंडू फेकला तर तो किती वेळ हवेत राहील? सूत्र बरोबर, साइन ३० ची किंमत बरोबर, गुरुत्वीय त्वरण १० धरून उत्तर २ सेकंद. एककसुद्धा विसरलेला नाही. पूर्ण गुण. गणितं एकूण १६ गुणांची होती, त्यातले १४ त्याला आहेत. उरलेल्या ३४ गुणांत व्याख्या द्या, फरक लिहा, स्पष्ट करा अशा जातीचे प्रश्न. तिथं त्याला ५. स्केलर आणि व्हेक्टर यांतला फरक विचारलाय, तिथला फोटो मी मोठा करून पाहिला. पेन्सिलीनं पुसट ‘सदिश’, म्हणजे व्हेक्टरचं मराठी नाव, लिहिलेलं दिसतं. नंतर खोडलंय. त्याखाली सहा ओळी कोऱ्या.

ताई, त्याला उत्तर येत होतं. सदिश राशी म्हणजे काय हे डोक्यात होतं, ते इंग्रजीत मांडायला वाक्य नव्हतं. दहावीपर्यंत विस्थापन, त्वरण, संवेग, जडत्व म्हणत आलेलं पोर जूनमध्ये वर्गात बसलं आणि त्याच गोष्टी अनोळखी नावांनी समोरून धडाधड जायला लागल्या. आजूबाजूची पोरं माना डोलावतायत, वहीत उतरवून घेतायत. या पोराला वाटलं, मला एकट्यालाच कळत नाही. तिथून ‘मी ढ आहे’ सुरू झालं. हा ढ पोराचा पेपर नाही. गणिताच्या १६ पैकी १४ गुण ढ पोराला पडत नाहीत.

खाशाबा जाधवांचं नाव तुमच्या घरात माहीत असणारच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, शिकायला कोल्हापुरात राजाराम कॉलेजला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा सहावे आले. जन्म सगळा लाल मातीत गेलेला आणि तिथं कुस्ती मॅटवर, नियम वेगळे. मॅटवर गेल्यानं पैलवान कमी झाला नव्हता, पायाखालचं बदललं होतं. पुढची चार वर्षं त्यांनी त्या नियमांची कुस्ती अंगात मुरवली आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाला पैसे कमी पडत होते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ‘तू लई भारी आहेस’ एवढं म्हणून ते थांबले नाहीत. पोराला नेमकं काय कमी पडतंय ते बघितलं आणि तेवढं दिलं. तुमच्या पोराचीही माती बदलली आहे. त्याला काय कमी पडतंय ते त्याच्या पेपरातच लिहिलेलं आहे.

आता तुमचा प्रश्न, आधी आत्मविश्वास का आधी मार्क. हा प्रश्न फार मोठमोठ्या लोकांना पडलेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारनं १९८६ साली आत्मसन्मान वाढवण्यासाठी खास समिती नेमली होती. माणसाला स्वतःबद्दल चांगलं वाटायला लागलं की अभ्यास सुधारेल, व्यसनं कमी होतील, गुन्हे घटतील, अशी मोठी आशा होती. शाळाशाळांतून मुलांना ‘मी खास आहे’ म्हणायला शिकवलं गेलं. पुढं २००३ साली मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तोवरचं सगळं संशोधन एकत्र करून तपासलं. आत्मसन्मान आणि शाळेतले गुण यांचा संबंध आहे, पण बेताचाच, असं त्यात दिसलं. आणि आत्मसन्मान वाढला म्हणून गुण वाढले यापेक्षा गुण बरे पडले म्हणून स्वतःबद्दल बरं वाटलं, असाच कल जास्त होता.

२००७ मधला आणखी एक प्रयोग तुमच्या रोजच्या फोनच्या जवळचा आहे म्हणून सांगते. डॉनल्सन फोरसाइथ आणि सहकाऱ्यांनी कॉलेजात मागे पडलेल्या मुलांना दर आठवड्याला ई-मेल पाठवले. काही मुलांना नुसते सरावाचे प्रश्न गेले. काहींना त्याबरोबर स्वतःची किंमत ओळखा, मान ताठ ठेवा, असा मजकूर गेला. शेवटच्या परीक्षेत हा धीराचा मजकूर मिळालेली, आधीच कमी गुण असलेली मुलं सुधारली तर नाहीतच, उलट आणखी घसरली. कारण मला माझ्या अनुभवानं असं वाटतं, की बरं वाटण्यासाठी काही करावं लागत नाही असं एकदा मनानं धरलं की हात थांबतो. तुमच्या मालकांनी नेलेल्या कार्यक्रमाचं तेच झालं. चार दिवस पेटला, कारण टाळ्या होत्या. पाचव्या दिवशी पुस्तक उघडलं तर व्हेक्टर तिथंच होता.

याचा अर्थ पोराच्या मनाकडं बघायचंच नाही असा मुळीच नाही. ऑस्ट्रेलियातल्या हर्बर्ट मार्श यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की एका विशिष्ट विषयात मला जमतं ही भावना आणि त्या विषयातले गुण एकमेकांना वर उचलतात. थोडं जमलं की भरवसा येतो, भरवसा आला की माणूस जास्त वेळ बसतो, बसला की आणखी जमतं. यात ‘त्या विषयात’ हे शब्द महत्त्वाचे. मी सगळीकडून हुशार आहे, मी खास आहे, या मोघम भावनेनं फारसं हलत नाही. फेकलेल्या चेंडूचं गणित मला येतं, आता जडत्वाची व्याख्याही इंग्रजीत लिहिता येते, असल्या लहान आणि खऱ्या भरवशानं हलतं.

याच मार्श यांनी तुमच्या दीराच्या म्हणीलाही उत्तर दिलेलं आहे. तेवढ्याच कुवतीचं पोर, वर्ग साधारण असला तर स्वतःला वर धरतं आणि वर्गात सगळे वरचढ असले तर स्वतःला खाली धरतं. त्याची बुद्धी तीच राहते, शेजारी बसणारे बदलतात. दहावीत तुमच्या पोराचे शेजारी कोण होते आणि आता कोण आहेत बघा. आता वर्गातली निम्मी पोरं लहानपणापासून इंग्रजीत शिकलेली, काहींचे आई-वडीलच डॉक्टर. त्यांच्याशेजारी बसून कुणालाही लहान वाटेल. दीरांना माझा निरोप सांगा, ‘ओसाड गावी एरंड बळी’ ही म्हण त्या पोरासमोर पुन्हा काढू नये. ते एक वाक्य किती खोल जातं हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही.

मालकांना विचारून बघा, गुऱ्हाळावर नवीन पोरगं कामाला आलं की त्याला पहिल्या दिवशी काय देतात? काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे ठरवायला नक्कीच देत नाहीत. आधी मळी काढायला उभं करतात. रसावर येणारा काळपट फेस झाऱ्यानं कधी आणि किती काढायचा हे हाताला कळायला लागतं. मग एखाद दिवशी पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी होते का बघ म्हणतात, आणि स्वतः शेजारी उभे राहतात. तिनेक हंगामांनी पोरगं नुसत्या वासावरून सांगतं, झाला बघा. त्याचा हा भरवसा भाषणातून आला का? शेकडो काहिली उतरताना त्यानं डोळ्यांनी पाहिल्या, काही करपल्या, आणि दर वेळी कुणीतरी जाणता शेजारी होता. तुमचे मालक आपलं शिक्षण कमी म्हणत असतील, पण पोराला आत्ता ज्या शिक्षणाची गरज आहे ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यांनी फक्त ते गुळावरून फिजिक्सवर आणायचंय.

आता तुमचा फोन. ‘तू हुशार आहेस’ हे वाक्य बंद करा. तुमच्या मायेचं वाक्य आहे, मला कळतं. पण त्यानंच पेपर सुटकेसच्या तळाशी गेले असं मला वाटतं. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी १९९८ साली पाचवीच्या वयाच्या मुलांवर प्रयोग केले. सोपी कोडी सोडवून झाल्यावर काही मुलांना म्हटलं, तू फार हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू चांगली मेहनत घेतलीस. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली, तिथं सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली, तर ‘हुशार’ म्हटलेली मुलं आधीपेक्षा खाली गेली आणि ‘मेहनत’ म्हटलेली वर आली. आपले गुण दुसऱ्या एका मुलाला कळवायला सांगितलं, तेव्हा ‘हुशार’ गटातल्या जवळपास ४० टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. १९ चे ३८ केले तसे. ती मुलं खोटारडी नव्हती. ‘हुशार’ ही एकदा ओळख झाली की कमी गुण म्हणजे ती ओळखच खोटी ठरणार. गावाच्या चौकात फलक लागलेला असताना १९ गुण घरी सांगायचे कसे, हा प्रश्न त्या सोळा वर्षांच्या पोरानं एकट्यानं सोसलाय.

ही चूक माझ्याही हातून झालेली आहे. आठवीत एक मुलगी होती, समीकरणं तोंडी सोडवायची. मी वर्गासमोर तिला नेहमी म्हणायची, तू तर हुशार, तुला यायलाच पाहिजे. नववीत भूमिती सुरू झाली आणि तिनं हात वर करणंच सोडलं. मला वाटलं, लक्ष उडालं. शेवटच्या आठवड्यात ती वही दाखवायला आली तेव्हा म्हणाली, ‘बाई, विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं ना, मला येत नाही ते.’ पूर्ण वर्षभर ती प्रमेयं न समजता पाठ करत होती. त्या दिवसापासून मी वर्गात कुणालाही हुशार म्हटलं नाही. चांगलं केलं की काय चांगलं केलं ते सांगायची. ही आकृती स्वच्छ काढलीस म्हणून पुढची पायरी दिसली, असं.

तुम्हीही फोनवर तसंच बोला. ‘जेवलास का’ विचारून झालं की विचारा, आज काय अडलं? आणि मग, काय सुटलं? क्रम हाच ठेवा. अडलेलं आधी विचारलंत की अडणं ही सांगण्याजोगी गोष्ट आहे हे त्याला कळेल. तो सांगेल ते तुम्हाला समजलं नाही तरी चालेल. उलट म्हणा, ‘मला नाही कळलं, मराठीत समजावून सांग.’ आईला मराठीत समजावता आलं तर ते आपल्याला खरोखर येतंय हे त्याचं त्यालाच कळेल.

बुलेटचं काय? अडचण नुसती कर्जाची नाही. मार्क लेपर यांनी १९७३ साली लहान मुलांवर केलेला प्रयोग शिक्षकांना शिकवला जातो. ज्या मुलांना रंगवायला मनापासून आवडायचं, त्यांतल्या काहींना चित्र काढलं तर रिबिनीचं प्रमाणपत्र मिळेल असं आधीच कबूल केलं. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांचा रंगांकडं ओढा इतरांच्या जवळपास निम्म्यावर आला होता. आवडीचं काम मोबदल्याचं झालं की मोबदला संपताच कामही संपतं. तुमच्या पोराला गणित सोडवायला आवडतं, पेपरातल्या नीटनेटक्या पायऱ्यांवरूनच दिसतं. ती आवड बुलेटच्या बदल्यात देऊ नका. मालकांनी शब्द दिलाय म्हणून घाईनं मागंही घेऊ नका, पोराला ती शिक्षा वाटेल. एवढंच सांगा, की गाडीचं आपण तू अठराचा झालास, लायसन्स निघालं आणि घराला परवडलं की बघू, त्याचा मार्कांशी संबंध नाही.

आता करायचं काय ते. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, मराठी माध्यमाची आणि इंग्रजी माध्यमाचीही. नववी आणि दहावीची विज्ञानाची दोन्ही माध्यमांची पुस्तकं त्याच्या मोबाइलवर घ्या. नववीचा पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे. तो मराठीत त्याला तोंडपाठ आहे. तोच धडा इंग्रजीत शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचायचा. माहितीचं सगळं, नवीन फक्त भाषा. एका वहीत मधोमध रेघ, डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी, आणि त्या शब्दाचं त्याच्या हातचं एक इंग्रजी वाक्य. रोज आठ शब्द, जास्त नको. दोन महिन्यांत अकरावीच्या पहिल्या अर्ध्या पुस्तकातले बहुतेक शब्द हाताखाली येतील. मी पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी पोरांकडून हे करून घेतलंय. तिसऱ्या आठवड्यात चेहरा बदललेला दिसतो. हेही सांगून ठेवते, की डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेचा पेपर मराठीतूनही देता येतो. त्यामुळं भाषेपायी सगळं संपलं अशी धास्ती धरायचं कारण नाही.

दुसरं, वाचनाची पद्धत. पोरं धडा चार-चारदा वाचतात आणि आलं म्हणतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी तपासलं, तेव्हा पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर धडा पुन्हा वाचलेली मुलं पुढं होती. आठवड्यानं घेतली तर एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते लिहिलेल्या मुलांना ५६ टक्के आठवत होतं आणि नुसतं वाचलेल्यांना ४२ टक्के. म्हणून पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर व्याख्या लिहायची, मग उघडून लाल शाईनं आपणच दुरुस्त करायची. पहिल्या आठवड्यात फार चुका दिसतील आणि त्याला वाटेल, बघा मी ढच. तेव्हा त्याला मळी काढणारं पोरगं आठवून द्यायचं काम मालकांचं.

तिसऱ्या गोष्टीकडं बहुतेक पालक बघत नाहीत. पोराच्या खोलीत कोण राहतं? त्याच्या कॉलेजातलं, त्याच्याच वर्गातलं कुणी आहे का? कॉट बेसिसवर बऱ्याचदा नोकरी करणारी पोरं असतात, रात्री उशिरा येतात, सकाळी लवकर जातात. तिथं फिजिक्समधलं अडलेलं कुणाला विचारणार? राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं उभी केली, मराठ्यांचं, जैनांचं, पुढं मुसलमानांचं, आणखी कितीतरी. खेड्यातल्या पोराला शहरात फी माफ करून भागत नाही, त्याला आपल्यासारख्यांत झोपायला जागा आणि ओळखीचं ताट लागतं, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं. एखाद्या बोर्डिंगात किंवा वसतिगृहात जागा मिळते का ते या सुट्टीत चौकशी करून बघा. नाही मिळाली तरी त्याच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेलं आणखी एखादं पोर असणारच. तेही असंच गप्प बसलेलं असेल. दोघांनी एक वही केली तर निम्मं ओझं उतरलं. आणि फिजिक्सच्या सरांना तो पेपर घेऊन एकदा भेटू दे. ‘सर, मला मराठीत येतं, इंग्रजीत लिहिता येत नाही’ एवढं एक वाक्य. शिक्षकासमोर असं पोर आलं की आम्ही सहसा त्याला मोकळ्या हातानं पाठवत नाही.

आर्ट्सचं आत्ता ठरवू नका. आर्ट्स कमी म्हणून नव्हे. आवडीनं आर्ट्सला गेलेली माझी मुलं आज फार चांगली कामं करतायत. पण भीतीनं केलेली निवड पुढं सलत राहते, ती शाखा कुठलीही असो. दुसरी सहामाही होऊ द्या. व्याख्या लिहिता यायला लागल्यावरही फिजिक्स नकोसं वाटलं तर मग बसून बोला.

आणि इथं मला एक विचारायचंय, रागावू नका. तुमच्या पत्रात ‘डॉक्टर व्हावा म्हणून घातला’ असं आहे. त्याला काय व्हायचंय हे अख्ख्या पत्रात कुठं नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणूस मनापासून कशानं काम करतो याचा चाळीसेक वर्षं अभ्यास केला. तीन गोष्टी ते सांगतात, मला जमतंय असं वाटणं, आपली माणसं बरोबर आहेत असं वाटणं आणि हे मी निवडलंय असं वाटणं. पहिल्या दोन्हींचं वर बोललो. तिसरी तुमच्या हातात आहे. ‘तुला काय व्हायचंय’ असं एकदा विचारा आणि लगेच काही बोलू नका. तो ‘डॉक्टरच’ म्हणेल, किंवा ‘माहीत नाही’ म्हणेल. सोळाव्या वर्षी माहीत नसणं यात काही बिघडलेलं नसतं.

एका बाबतीत मात्र थांबू नका. तो जेवत नसेल, रात्र रात्र जागा राहत असेल, मित्रांशी बोलणं तुटलं असेल, किंवा जगून काय उपयोग असं काही त्याच्या तोंडून निघालं, तर वह्यापुस्तकं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन लावा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही दाखवता येईल. यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिली सुटकेस. तुम्हाला पेपर सापडलेत हे त्याला माहीत नाही, आणि तुम्ही ते तसेच परत ठेवलेत. आता घरात दोन लपवलेल्या गोष्टी झाल्या, एक त्याची, एक तुमची. आधी तुमची बाहेर काढा. शनिवारी तो गारगोटीच्या एसटीनं येईल, त्याला पोटभर जेवू द्या. मालक घरी असू देत, दीर नकोत. मग फिजिक्सचा पेपर समोर ठेवा आणि म्हणा, ‘कपडे धुताना सापडला, मी न विचारता बघितला, ते माझं चुकलं.’ तो मान खाली घालेल, कदाचित चिडेल, उठूनही जाईल. जाऊ द्या. परत आला की गुणांचं पहिलं पान समोर धरू नका, चौथ्या प्रश्नाचं पान काढा. तिथं बोट ठेवून मालकांनी विचारावं, ‘हा चेंडू दोनच सेकंद हवेत कसा काय राहतो रे, मला सांग बघू.’ त्याला सांगू द्या, आणि ते समजेपर्यंत मालकांनी हूं म्हणू नये. नंतर त्या सहा कोऱ्या ओळींचं पान काढून पेन्सिल त्याच्या हातात द्या. खोडलेला ‘सदिश’ त्यानं तिथंच पुन्हा लिहावा, आणि त्याच्या पुढं मराठीत का होईना, येतं तेवढं.

दुसऱ्या सहामाहीचा पेपर हातात आला की त्याचाही फोटो पाठवा. त्यानं स्वतः पाठवला तर मला जास्त आवडेल.